घरी शब्बाथ पाळायला सुरुवात कशी करायची: नव्याने लागणाऱ्यांसाठी

आपल्या बेने इस्राएल ज्यू समाजातली बरीच तरुण मंडळी विचारतात की धर्म पाळायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करू, हिब्रू वाचता येत नाही, जवळपास सिनेगॉग म्हणजे आपलं प्रार्थनास्थळ नाही, आईबाबांनी नोकरीच्या धावपळीत जेवढं जमलं तेवढं केलं आणि आजी गेल्यावर तेही थांबलं. आणि नेटवर शोधायला गेलं की सगळं न्यूयॉर्क नाहीतर जेरुसलेमच्या घरांसाठी लिहिलेलं मिळतं, त्यात सांगितलेलं अर्धं सामान इथल्या दुकानात नसतंच. म्हणून हे लिहितेय, ठाण्यात, पुण्यात, पनवेलला, अलिबागला किंवा बंगलोरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटं राहताना सुद्धा करता येईल असं. माझं म्हणणं एकच आहे की सगळं एकदम धरू नका, आधी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, तो धरा, बाकीचं त्याच्या मागून आपोआप यायला लागतं.

हे मी मनाने नाही सांगत, आपला इतिहासच तसा आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, सोबतचे ग्रंथ समुद्रात गेले, ही गोष्ट प्रत्येक बेने इस्राएल घरात सांगतात. पुढे कित्येक पिढ्या ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना पुस्तक, हिब्रू भाषा सुद्धा विसरली गेली. तरी राहिलं काय, तर आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम, शेमा या प्रार्थनेची एक ओळ, आणि शनिवारी घाणा बंद. कोकणात आपले लोक तेल गाळायचे आणि शनिवारी काम करायचे नाहीत म्हणून गावाने नावच ठेवलं शनवार तेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, आष्टमकर, आवासकर ही सगळी आडनावं त्या गावांची, आणि त्या गावांत आठवड्यातला एक दिवस घाणा थांबवणं म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणं होतं. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं तरी त्यांनी हे धरून ठेवलं, आपल्या तर खिशातल्या फोनमध्ये सगळे ग्रंथ आहेत.

गुरुवारी रात्री

शब्बाथची तयारी शुक्रवारी दुपारी सुरू केली की हमखास घाई होते, त्यामुळे गुरुवारपासून लागा. पहिलं काम मनुक्यांचं. किद्दुशला, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवणाआधी पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, द्राक्षाचा रस किंवा वाइन लागते, पण दुकानातली चालत नाही कारण ती कोशर, म्हणजे आपल्या खाण्याच्या नियमांच्या, देखरेखीखाली बनलेली नसते, आणि कोशर बाटली इथे सहज मिळत नाही, मिळाली तर महाग. आपल्या लोकांनी यावर फार पूर्वी उपाय काढलाय तो म्हणजे काळ्या मनुक्यांचं सरबत. एक वाटी काळे मनुके धुऊन दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात थोडे उकळा, गार झाले की हाताने चांगले कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. हे शुक्रवारी संध्याकाळच्या आत झालंच पाहिजे, कारण शब्बाथ सुरू झाल्यावर पिळणं चालत नाही. यावर द्राक्षाचीच बराखा (देवाच्या स्तुतीची छोटी प्रार्थना) म्हणतात, मनात शंका ठेवू नका.

दुसरं म्हणजे वेळ बघून ठेवा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे असतात. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेसहाच्या आत दिवे लागले पाहिजेत, आणि जुलैमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो म्हणून तेव्हा सातपर्यंत वेळ असतो. हेबकॅल नावाच्या साइटवर आपलं शहर टाकलं की दर आठवड्याची वेळ मिळते. नोकरी करणाऱ्यांना खरा त्रास हिवाळ्यात होतो, तेव्हा ऑफिसात आधीच बोलून ठेवा की नोव्हेंबर ते जानेवारी शुक्रवारी लवकर निघेन आणि बाकी दिवशी भरून काढेन. दर आठवड्याला नवं कारण सांगण्यापेक्षा एकदाच खरं कारण सांगितलेलं बरं, बहुतेक लोक समजून घेतात.

शुक्रवारी दिवसा

स्वयंपाक पूर्ण करायचा, म्हणजे शनिवारचा सुद्धा. शब्बाथला जी ३९ प्रकारची कामं करत नाहीत त्यात शिजवणं, दळणं, मळणं, शिवणं, लिहिणं, पेटवणं, विझवणं, घराबाहेर वस्तू वाहून नेणं असं सगळं येतं, आणि ही यादी तोरातल्या (मोशेची पाच पुस्तकं) मिश्कानच्या, म्हणजे रानातल्या पवित्र मंडपाच्या, बांधकामाच्या कामांवरून मिश्ना या जुन्या नियमग्रंथाने ठरवलेली आहे. आपल्या पूर्वजांचं तेल गाळणं यात मळणीच्या कामाखाली येतं, कारण दोन्हीत दाण्याच्या आत जे आहे ते बाहेर काढतात. मिश्ना त्यांनी वाचलेली नव्हती तरी घाणा बरोबर बंद ठेवायचे, मला हे आठवलं की दर वेळी भरून येतं.

जेवणात काय तर आपलंच, त्यासाठी युरोपातल्या रेसिपी शोधत बसू नका. नारळाच्या रसातली माशाची आमटी, भात, चिकनचा रस्सा, काहीतरी गोड. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून कोकणातल्या आपल्या बायकांनी सगळीकडे नारळाचं दूध वापरलं आणि त्यातूनच आपलं वेगळं जेवण तयार झालं. चिकन कोशर पद्धतीने कापलेलं नसेल तर सरळ मासे करा किंवा शाकाहारी करा, शब्बाथ तेवढाच होतो.

मग घरातली वीज. नवीन माणसं इथेच घाबरतात म्हणून जरा सविस्तर सांगते. शब्बाथला बटण दाबून काही चालू-बंद करत नाहीत, पण जे आधीपासून चालू आहे ते चालू राहिलेलं चालतं. तेव्हा दिवे लावायच्या आधी घरात एक फेरी मारा, पंखा कुठल्या स्पीडवर हवा ते ठरवा, बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार ओढून घ्या, गीझर बंद करा, फ्रिज उघडला की लागणारा आतला बल्ब काढून ठेवा नाहीतर त्या बटणावर चिकटपट्टी लावा. जेवण गरम हवं असेल तर पूर्ण शिजलेलं भांडं आधीपासून चालू असलेल्या हॉटप्लेटवर ठेवता येतं, मंद गॅसवर पत्रा टाकून ठेवायची पण पद्धत आहे, पण रात्रभर गॅस चालू ठेवून झोपणं मला बरं वाटत नाही त्यामुळे मी हॉटप्लेटच सांगेन. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला सांगून ठेवा की उद्या बेल वाजवू नका, दार ठोठवा.

आणि फोन. स्विच ऑफ करून कपाटात कपड्यांखाली ठेवा, टेबलावर उलटा ठेवून चालणार नाही, हात जातोच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चुकल्यासारखं वाटतं, मग शुक्रवार कधी येतो याची वाट बघायला लागता. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, कोणाच्या जिवाला धोका असेल, छातीत दुखतंय, लहान मूल पडलंय, तर फोन उचला, गाडी काढा, हॉस्पिटल गाठा. अशा वेळी शब्बाथ मोडायचाच असतो, हा धर्माचाच नियम आहे, त्यात पाप वगैरे काही नाही.

दिवे आणि टेबल

आंघोळ करून चांगले कपडे घाला, एकटे असलात तरी. टेबलावर पांढरं कापड टाका. मेणबत्त्या दोन पुरतात, पण आपल्याकडची जुनी पद्धत जास्त सुंदर आहे, काचेच्या ग्लासात पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात वात. सिनेगॉगमध्ये लटकणारे कंदील याच पद्धतीने पेटवायचे. तेल एवढं घाला की जेवण उरकेपर्यंत दिवा टिकेल.

दिवे शक्यतो घरातली बाई लावते, पण एकटा राहणारा मुलगा असेल तर त्यानेही लावायचे असतात. बराखा अशी: बारूख अत्ता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमित्स्वोताव वेत्सिव्वानू लेहाद्लिक नेर शेल शब्बाथ. काही घरांत आधी बराखा म्हणून मग लावतात आणि काही घरांत दिवे लावून डोळ्यांवर हात धरून म्हणतात, तर तुमच्या आजीकडे जसं होतं तसंच करा, आणि कोणालाच आठवत नसेल तर एक पद्धत धरून त्यावरच राहा. बराखा झाली की तिथेच मिनिटभर उभं राहून मनातलं मागायचं असतं, आजारी माणसाचं नाव घ्यायचं असतं. हा क्षण पटकन उरकू नका.

मग मुलांना आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवून मुलग्यांना एफ्राइम आणि मनश्शेसारखे व्हा म्हणायचं, मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआसारख्या व्हा म्हणायचं. हिब्रू येत नसेल तर मराठीत म्हणा, पण आठवडाभर ओरडाआरडा झाला असेल तरी हे सोडू नका, कॉलेजातली मुलंसुद्धा यासाठी डोकं पुढे करतात.

किद्दुश म्हणजे मनुक्यांच्या सरबताचा पेला हातात घेऊन म्हणायची प्रार्थना, पेल्यात साधारण ८६ मिली तरी असावं, आणि अर्ध्याहून जास्त म्हणणाऱ्याने प्यायचं, बाकी सगळ्यांना. पूर्ण किद्दुश लांब आहे, देवनागरीत लिहिलेला कागद समोर ठेवून वाचला तरी चालतो, आपली पुस्तकं पहिल्यापासून अशी मराठीत छापलेली आहेत, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची मराठी हगादा मुंबईत १८४६ साली छापली गेली होती. अगदीच जमत नसेल तर पहिल्या आठवड्यांत बोरे पेरी हागेफेन एवढी बराखा म्हणा आणि पुढचं हळूहळू वाढवा.

त्यानंतर हात धुणं. भांड्यात पाणी घेऊन आधी उजव्या हातावर दोन-तीनदा, मग डाव्यावर, अल नेतिलात यादायिमची बराखा म्हणा, आणि तिथून पुढे भाकरीचा पहिला घास खाईपर्यंत बोलायचं नाही. गोड वेणीचा पाव सगळीकडे दाखवतात पण तो सक्तीचा नाही, दोन अख्ख्या चपात्या स्वच्छ रुमालाखाली झाकून ठेवा. दोनच का, तर मिसरातून निघाल्यावर रानात देवाने दिलेला मान्ना (आकाशातून पडणारं अन्न) शुक्रवारी दुप्पट मिळायचा त्याची आठवण. हामोत्सी लेहेम मिन हाआरेत्स म्हणून चपाती मोडा, मिठाला लावा, सगळ्यांना द्या. आता निवांत जेवा, गाणी म्हणा, भांडणाचे आणि पैशाचे विषय काढू नका.

शनिवार

सिनेगॉग चालत जाण्याइतकं जवळ असेल तर जा. मुंबईत मांडवीचं शाआरे रहमीम हे आपलं सगळ्यात जुनं, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं, पुण्यात लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ओहेल डेव्हिड, अलिबागला इस्राएल आळीत मागेन आबोथ. मिन्यानला म्हणजे सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि बऱ्याच ठिकाणी नऊ येऊन दहाव्याची वाट बघत बसतात, त्यामुळे तुम्हाला काही येत नसलं तरी तुमच्या नुसत्या जाण्याने त्या सकाळी तोरा उघडली जाऊ शकते. आत गेलात की प्रार्थना संपल्यावर हातबोशी करायला शिका, दोन्ही हातांनी पुढच्याचे हात धरायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची, लहानमोठे सगळे एकमेकांशी करतात, ती आपली खास पद्धत आहे.

सिनेगॉग लांब असेल तर घरीच त्या आठवड्याचा पाराशा म्हणजे तोराचा भाग वाचा. तोराचे ५४ भाग केलेत आणि सिमहात तोरा या वाचन पूर्ण होण्याच्या सणानंतर परत बेरेशीथपासून म्हणजे पहिल्या भागापासून सुरू होतं, तर तुम्ही कधीही मध्येच चढू शकता. मराठीत वाचा, मोठ्याने वाचा, आणि कळलं नाही त्यावर प्रश्न विचारा, आपल्याकडे प्रश्न विचारणं हाच अभ्यास आहे. दुपारी झोप काढणं पण शब्बाथचाच आनंद आहे.

शनिवारी ऑफिस किंवा कॉलेज असेल तर काय, हा प्रश्न येणारच. आपल्या आधीच्या पिढीला शाळा-कॉलेजांनी शनिवारच्या परीक्षा लावून फार त्रास दिला आणि त्यातूनच अनेकांचं सुटलं. माझं स्पष्ट मत आहे की ज्या नोकरीत कायम शनिवार आहे ती बदलायचा प्रयत्न करावा, पण तोपर्यंत शुक्रवारची रात्र तरी पूर्ण पाळा, शनिवार जात नाही म्हणून शुक्रवार पण सोडून देऊ नका.

हव्दाला

आकाशात तीन तारे दिसले, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण चाळीस मिनिटांनी, की हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, करायची. सरबताचा पेला, वासाची वस्तू आणि एकापेक्षा जास्त वाती असलेली ज्योत. गुंफलेली मेणबत्ती नसेल तर दोन मेणबत्त्या तिरक्या धरून ज्योत एकत्र करा. वासासाठी लवंग, दालचिनी, सब्जाची पानं, जे घरात आहे ते. बोटं वाकवून नखांवर पडलेला उजेड बघतात, मग ज्योत सरबतात विझवतात, आणि एलियाहू हानाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं म्हणतात.

एलियाहू हानाबी हे तर आपलं दैवत म्हणावं इतके जवळचे, अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा असलेला खडक आहे आणि आपले लोक नवस फेडायला तिथे जातात. नवस, साखरपुडा, नवीन घर, परदेशी जाणं, सगळ्याला मलिदा, म्हणजे एलियाहू हानाबींच्या नावाने करायचं प्रसादाचं ताट, लागतोच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम-मनुके, आणि ताटात भोवती फळं. तुम्हाला रोजच्या बराखा शिकायच्या असतील तर मलिद्याच्या ताटासारखा वर्ग नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी बराखा म्हणतात. सफरचंद, खजूर अशा झाडाच्या फळांना बोरे पेरी हाएत्स. केळ्याला मात्र बोरे पेरी हाअदामा, कारण केळीचं खोड दर वेळी नवं येतं, ते टिकणारं झाड धरत नाहीत. वासाला वेगळी. दोन-तीन मलिद्यांना मन लावून बसलात की पाठ होतात, आणि मग ऑफिसात केळं सोलताना सुद्धा ओठ आपोआप हलतात.

बाकीच्या दिवसांत

शब्बाथ महिना-दोन महिने नीट बसला की एकेक वाढवा. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मोदे आनी, बायकांनी मोदा आनी, जीव परत दिला म्हणून आभार. झोपताना उजवा हात डोळ्यांवर ठेवून शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. आपल्या लोकांना शेकडो वर्षं ही एकच ओळ येत होती आणि जन्म, लग्न, मरण सगळ्याला तेच म्हणायचे, तर तुम्हाला एवढंच येत असेल तर कमीपणा वाटून घेऊ नका.

दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा (शेमा लिहिलेलं चर्मपत्र ठेवलेली डबी) लावा, भाड्याचं घर असलं तरी. आतलं चर्मपत्र सोफेरने (धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाने) हाताने लिहिलेलं असावं, नुसती शोभेची डबी काही कामाची नाही, खर्च करायचा तर चर्मपत्रावर करा.

खाण्याचं इथे खरं तर सोपं आहे. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस चालतात कारण पर आणि खवले दोन्ही आहेत, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी नाही. बाहेर जेवायचं तर शाकाहारी घ्या, आपल्या घरांत ही सवय जुनीच आहे. फ्लॉवर आणि पालेभाज्या मिठाच्या पाण्यात ठेवून उजेडात नीट बघून घ्या, किडे खाणं निषिद्ध आहे आणि घाईत याकडेच दुर्लक्ष होतं.

शुक्रवारी दिवे लावायच्या आधी डब्यात थोडे पैसे टाकायची सवय लावा, त्सेदाका म्हणजे दान. कमाईच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जायचं असतं पण सुरुवात कितीनेही करा. मध्ययुगातल्या रामबाम (मैमोनिदेस) या धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात आणि सगळ्यात वरची कोणती, तर समोरच्याला पायावर उभं करणं, कर्ज द्या, काम मिळवून द्या, भागीदारीत घ्या म्हणजे त्याला परत हात पसरावा लागणार नाही. आणि जिभेवर ताबा, पाठीमागे कोणाचं वाईट बोलणं, ते खरं असलं तरी मनाईच आहे. मला स्वतःला हे शब्बाथपेक्षाही अवघड जातं.

ज्यू नसलेले शेजारी किंवा मैत्रिणी हे वाचत असतील आणि कोणी शुक्रवारी जेवायला बोलावलं असेल तर जरूर जा. कोणी धर्म बदलायला सांगणार नाही, आपल्याकडे ती पद्धतच नाही. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्यावा, न्यायचंच असेल तर अख्खी फळं किंवा फुलं दिवे लागायच्या आधी पोचवा, घरचं शिजवलेलं नको, आणि हात धुतल्यावर यजमान गप्प झाले तर रागावलेत असं समजू नका.

शेवटचं काम सुरांचं. शब्द पुस्तकात मिळतात पण आपले सूर कुठल्याही साइटवर धड मिळत नाहीत, किद्दुशचा, शब्बाथच्या स्वागताच्या लेखा दोदी गाण्याचा, एलियाहू हानाबीचा प्रत्येक गावचा सूर थोडा वेगळा आहे आणि तो ज्यांना येतो ते काका-मामी आता थकलेत, कोणी इस्राएलात अश्दोदला, कोणी लोदला. तुमच्या घरचा सूर कोणाला येतो ते विचारून काढा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या, शनिवारी नाही, रविवारी करा, आणि त्यांच्या तब्येतीचं बघता हा महिना संपायच्या आत करा.